ट्रेंडिंग रंग घरात आणायचाय: भिंत रंगवावी, वॉलपेपर लावावा की पडदे-कुशन बदलावेत?

रंगांची प्रमाणित यादी ठेवणारी पॅन्टोन कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२३चा व्हिवा मजेंटा, २०२४चा पीच फझ, २०२५चा मोका मूस हा कॉफीसारखा तपकिरी आणि २०२६साठी क्लाउड डान्सर, म्हणजे चक्क पांढरा. या यादीत पांढरा पहिल्यांदाच आला. चार वर्षांत गडद गुलाबीपासून पांढऱ्यापर्यंत उडी. आपल्याकडे मात्र एकदा रंगवलेली भिंत पाच-सहा वर्षं तशीच राहते. म्हणून रंग कुठला घ्यायचा हे नंतर बघू, तो कशावर आणायचा हे आधी ठरवा. तुलनेसाठी हॉलमधली १२ फूट रुंद, १० फूट उंच अशी एकच भिंत धरू.

भिंत रंगवायची तर

क्षेत्रफळ १२० चौरस फूट. चांगलं इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) दोन कोटांत लिटरला साधारण ११० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे एक लिटर जेमतेम पुरेल. गडद शेड असेल तर दोन लिटर धरा. गडद शेड डीप बेसमध्ये, म्हणजे गडद छटांसाठीच्या मूळ रंगात, बनते. तिच्यात पांढरं पिगमेंट कमी असतं, त्यामुळे खालचा रंग लवकर झाकला जात नाही आणि तिसरा कोट मारावा लागतो. दोन डबे आणले तर दोन्ही एकाच बादलीत मिसळून घ्या. मशीनवर वेगवेगळ्या वेळी बनवलेली शेड किंचित वेगळी येऊ शकते, आणि भिंतीच्या मधोमध तो फरक लगेच डोळ्यांत भरतो.

काम बिघडतं ते बहुतेकदा रंगामुळे नाही, खालच्या थरामुळे. ओलं फडकं भिंतीवर जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर खाली डिस्टेंपर (खडूसारखा स्वस्त रंग) आहे. त्यावर थेट इमल्शन मारलं की ते भुकटीवर बसतं आणि पापुद्रे सुटतात. डिस्टेंपर खरवडायचं, प्रायमर मारायचा, लांबीचे (पुट्टीचे) दोन हात द्यायचे, आधी १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा प्रायमर आणि त्यावर किमान चार तासांच्या अंतराने रंगाचे दोन कोट. जुना ऑइल पेंट असेल तर त्याची चकाकी जाईपर्यंत घासल्याशिवाय प्रायमरही धरत नाही. एका भिंतीलाही असे दोन-तीन दिवस जातात, आणि इतक्या छोट्या कामाला रंगारी सहसा दिवसाची मजुरी लावतो.

दुसरी अडचण ओलीची. आपल्याकडे रंगकाम काढलं जातं दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळाभर पाणी पिऊन बसलेली असते तेव्हा. एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तासांनी काढा. आतल्या बाजूला दव जमलं असेल तर ओल भिंतीत आहे, आणि रंगाला फुगे येणार. अशा वेळी दिवाळीला फक्त दोन खोल्यांच्या मधली आतली भिंत रंगवा. बाहेरच्या भिंतीची गळती आधी बंद करून घ्या आणि तिचं रंगकाम जानेवारी-फेब्रुवारीत काढा.

वॉलपेपर

नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. १२ फुटांना सात पट्ट्या लागतात, एका रोलमधून दहा फुटी तीन पट्ट्या निघतात, म्हणून तीन रोल. मात्र भिंत साडेदहा फूट उंच असेल आणि डिझाइन दर २१ इंचांनी पुन्हा येत असेल, तर वर-खाली कापायची जागा आणि नक्षीची जुळवणी धरून एका पट्टीला १४७ इंच खर्ची पडतात. रोलमधून दोनच पट्ट्या निघतात आणि तीनऐवजी चार रोल लागतात. दुकानात नुसतं क्षेत्रफळ सांगितलं की गडबड होते ती इथेच.

कोकणात, मुंबईत, गोव्यात बाहेरच्या किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर विनाइल (प्लॅस्टिकचा थर असलेला) वॉलपेपर लावू नका, हे आमचं ठाम मत. ओल बाहेर पडत नाही, कागदामागे बुरशी धरते आणि वास येईपर्यंत पत्ता लागत नाही.

पडदे, कुशन, चादर

ट्रेंडचा रंग वापरायला ही जागा सर्वांत चांगली. पाच फुटी रॉडला आयलेटच्या (वरच्या कड्यांतून रॉड ओवायच्या) पडद्यांसाठी कापडाची रुंदी रॉडच्या किमान दीडपट, म्हणजे साडेसात फूट हवी. चार फुटी तयार पडद्यांचे दोन नग बरोबर बसतात. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त ठेवला तर दिवसा पडदे खिडकीवरून बरेचसे बाजूला सरतात आणि उजेड कमी अडतो. कुशन कव्हर १६ इंची असेल तर आतला फिलर १८ इंची घ्या, नाहीतर कोपरे लोळतात.

सुती कापड शिवण्याआधी धुऊन आटवून घ्या. मजेंटासारखा गडद रंग घेताना पांढरा ओला रुमाल कापडावर घासून बघा. रंग लागला तर तो मिठाच्या पाण्याने पक्का होईल या भरवशावर राहू नका. पश्चिमेच्या खिडकीत गडद पडद्याला मागून अस्तर लावाच, नाहीतर उन्हाने उभे फिके पट्टे पडतात.

मग कुठला रंग कुठे?

क्लाउड डान्सरसारखा पांढरा खुशाल भिंतीला द्या, पण धुता येणाऱ्या फिनिशमध्ये, कारण स्विचबोर्डभोवती हात लागतातच. त्यावर खणाची दोन कुशन, एक हिरवं आणि एक डाळिंबी, फार देखणी दिसतात. मोका एकाच भिंतीला, तेही भरपूर उजेड असेल तरच. समोरच्या इमारतीने उजेड अडवलेल्या हॉलमध्ये तो भिंत पुढे ओढून आणतो. पीच संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात नारिंगी वाटतो, म्हणून तो कापडातच बरा. मजेंटा भिंतीला नकोच.

भाड्याचं घर असेल, अकरा महिन्यांचा करार असेल, तर कापडाशिवाय दुसरा विचार करू नका. भिंत पूर्ववत करून देण्याचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाऊ शकतो.

आणि काहीही विकत घेण्याआधी हॉलमधले दिवे बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली मोका राखेसारखा मळकट दिसतो, तर ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच खुलतो. २०० मिलिलिटरचा सॅम्पल आणून दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन कोट मारा. थेट भिंतीवर नको, कारण शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. पुठ्ठा सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावल्यावर त्याच भिंतीला टेकवून बघा. रात्री आवडला नाही तर रंग बदलण्याआधी बल्ब बदलून पुन्हा बघा.