प्रोजेक्टरचे नऊ महिने: तुकोबा जाड का दिसतात?

गेल्या गणपतीत हा छोटा प्रोजेक्टर साडेतेरा हजारांना घेतला. ल्युमेन, ७२०पी वगैरे खोक्यावर छापलेलं असतंच, ते पुन्हा उगाळत नाही. रात्री दिवे मालवले की पांढऱ्या भिंतीवर चित्र सुरेख दिसतं. पंख्याची घरघर आहे, दहा मिनिटांत कान सरावतात. दिवसा उपयोग शून्य.

लिहायला बसलोय ते एकाच गोष्टीसाठी. हा जुने सिनेमे ताणतो.

पहिल्याच आठवड्यात आईसाठी प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' लावला. तिने तो लहानपणी जत्रेत, तंबूतल्या कापडी पडद्यावर पाहिला होता. पाच मिनिटांत म्हणाली, "अरे, एवढे जाड कधी होते रे तुकोबा?" त्या काळच्या बोलपटांची चौकट जवळपास चौरस, रुंदी-उंची १.३७ ला १. आजच्या पडद्याची १६ ला ९, म्हणजे १.७८. जुनं चित्र पडदाभर ओढलं की तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस तीस टक्के रुंद होतात. सात वर्षांच्या भाचीने तिथल्या तिथे जुळवलं:

तुकोबा झाले गोलमटोल,
टाळ झाले ताट,
गरुडाचं विमान चपटं झालं
जशी घरची खाट!

आमच्याकडे मध्यंतरात कुणी ना कुणी असं काही रचतंच. सगळे हसले, आईही हसली. मग हळूच म्हणाली, "बंद कर, नको." ते मला लागलं.

सेटिंगमध्ये '४:३' (जवळपास तीच जुनी चौकट) सापडलं, निवडलं, चित्र सरळ झालं. पण बंद करून चालू केला की पुन्हा पडदाभर. दर वेळी रिमोटची सात बटणं. 'झूम' तर त्याहून वाईट: माणसं जाड होत नाहीत, पण वरखालून मिळून जवळजवळ तेवीस टक्के चित्र कापलं जातं. या सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल मुळात चित्रकार. त्यांनी विमान वर जाण्यासाठी डोक्यावर मोकळं आभाळ ठेवलं, आणि यंत्राने ते छाटावं?

तरी इथवर मी चार तारे दिले असते. फेब्रुवारीत यंत्र मधूनच बंद पडायला लागलं. वॉरंटीत असूनही सर्व्हिस सेंटरने 'तपासणी'चे साडेचारशे घेतले, बोर्ड बदलला, सतरा दिवसांनी परत दिला. घरी आणून बघतो तर मेनूतून '४:३' हा पर्यायच गायब! पुन्हा गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, बाजूच्या काळ्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये काढलंय." मी म्हटलं, अहो, मी पण गिऱ्हाईकच आहे, माझी तक्रार लिहून घ्या. त्याने लिहून घेतली. उत्तर आजतागायत नाही. साडेचारशे रुपयेही परत नाहीत, आणि ते मी विसरणार नाही.

त्या रात्री एक तारा द्यायचं पक्कं केलं होतं. मत बदललं ते मे महिन्यात. प्रोजेक्टरमधलं ॲप सोडून दिलं, लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडला आणि व्हीएलसी या सिनेमा लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ए' हे बटण दाबत गेलो. प्रत्येक दाबाला चौकटीचं प्रमाण बदलतं. ४:३ आलं आणि टाळ गोल झाले! म्हणजे यंत्राचा दिवा चांगला, भिंगही चांगलं, खोट आहे ती फक्त आतल्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून तीन तारे. केबलचे साडेतीनशे मात्र माझ्या खिशातून गेले.

घेणाऱ्यांनी दुकानात नवा चकचकीत ट्रेलर बघून भुलू नका. पेनड्राइव्हवर एखादा जुना कृष्णधवल सिनेमा न्या आणि गोल वस्तू बघा: टाळ, गाडीचं चाक, तव्यावरची भाकरी. गोल दिसली पाहिजे. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला सांगा आणि परत बघा.

परवा आईने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. विमान निघालं तेव्हा तिने बसल्या जागी हात जोडले. भाचीला धाकट्या भावाच्या गालावरचं काजळ आठवलं असावं, कारण तिने नवं रचलं:

काळ्या पट्ट्या दोन्हीकडे
जशी लावली तीट,
मधे उभे तुकोबा
आता दिसतात नीट!