‘नेव्ही डिस्पोजल’ची बोट घेताय? आधी माझं ऐका

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाने मला एक जाहिरात पाठवली. ‘नेव्ही डिस्पोजल, 17 फुटी फायबर बोट, ओबीएमसकट, किरकोळ काम.’ म्हणजे नौदलाने टाकाऊ ठरवून विकलेली बोट, मागे लावायच्या इंजिनासकट. फोटोतला राखाडी रंग मी लगेच ओळखला. दीड महिना तोच घासतोय. म्हणून हे लिहायला बसलो.

मी नेरुळचा. संध्याकाळी सारसोळे जेट्टीवर जाऊन बसायची सवय, तिथेच बोटीचं खूळ डोक्यात शिरलं. विक्रेत्याचं गोडाऊन शीळफाट्याच्या पुढे. त्याने मागितले 2,10,000, ठरले 1,85,000. त्यातले 25,000 यूपीआयने, बाकी रोख. ‘बिलाची भानगड कशाला, साहेब?’ असं तोच म्हणाला आणि त्यात मला माझाच फायदा दिसला.

मशीन त्याने पाण्याच्या पिंपात बुडवून पहिल्या झटक्यात चालू केलं. मी खूश! मी पोचायच्या आधीच ते चालवून गरम करून ठेवलेलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. गरम असलं की दुखणाईत मशीनही चटकन चालू होतं. जुनं मशीन बघायला गेलात तर आधी हात लावा. कोमट लागलं तर सरळ चहाला जा आणि ते गार झाल्यावर परत या. पुढे मेकॅनिकने कॉम्प्रेशन तपासलं, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एका सिलिंडरला 110 पीएसआय, दुसऱ्याला 60, म्हणजे दुसरा जवळपास गेलेला. गिअरचं तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं. म्हणजे सील गेलेलं आणि पाणी आत.

कागदाचं तर सांगायलाही लाज वाटते. सरकारी खात्यांचा टाकाऊ माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो, एवढं मला ठाऊक होतं. विक्रेत्याने दाखवलेल्या डिलिव्हरी ऑर्डरच्या, म्हणजे लिलावातला माल उचलायच्या कागदाच्या, झेरॉक्सवर ते नाव दिसलं आणि मी पुढचं वाचलंच नाही. घरी येऊन नीट वाचलं. लॉटचं वर्णन होतं ‘निकामी रबरी बोटींचे तुकडे’, प्रमाण किलोत. फायबरच्या बोटीचं नावही नाही आणि खरेदीदार कोणी तिसराच.

टेम्पोला 6,500 मोजून बोट दिवाळे कोळीवाड्यात ओळखीच्या एका काकांच्या अंगणात टाकली. जून महिना, मासेमारी बंद, त्यामुळे काका मोकळेच होते. त्यांनी हातोडीच्या दांड्याने बोट ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण. मागच्या फळीवर आले, जिच्यावर मशीन बसतं, आणि आवाज झाला भद. त्यांनी काही न बोलता ड्रिल मागितलं. भोकातून आधी तपकिरी पाणी आलं, मग भिजलेल्या रद्दीसारखा वास. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. फायबरच्या आतलं प्लायवूड पार कुजलं होतं आणि वरून पुट्टी मारून रंग दिलेला. दोन मिनिटं ठोकून बघण्याची अक्कल मला गोडाऊनमध्ये सुचली असती तर!

तरी मी म्हणत होतो, असू दे, बोट तर नेव्हीची आहे. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, 80 नंबरचा पॉलिश पेपर मारायला घेतला. राखाडीखाली निळा रंग निघाला. निळ्यावर पांढरं काहीतरी. हात हलका केला. आधी ‘रा’ दिसला, मग ‘वी’. काका शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाला, नेव्हीवाले बोटीवर एकवीरा आईचं नाव कशाला लिहितील? ही आपलीच होरी हाय.”

मासेमारीची होडी, राखाडी फासलेली, वर स्टेन्सिलने खोटा नंबर. 26/11 नंतर असली बोट घेऊन मी ठाणे खाडीत उतरलो असतो तर पोलिसांना काय सांगितलं असतं, याचा विचारही नको वाटतो. फसवणुकीची तक्रार दिली आहे. कायदा बदलल्यापासून त्याला चारसोवीस म्हणायचीही सोय नाही, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. यूपीआयच्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पाच आठवड्यांनी. उरलेले 1,60,000 रोख दिल्याचा माझ्याकडे चिटोराही नाही.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. होडी चोरीची आहे की कोणी विकलेली, तेही कळायला मार्ग नाही, आणि मूळ मालकाच्या कागदांशिवाय माझ्या नावावर नोंदणी कुठून होणार? देवीचं नाव पुढे घासायचं नाही, असं काकांनी बजावलंय. त्याच्या खालचा रंग मात्र आम्ही दोघं रोज थोडा थोडा काढतो, कारण तिथे जुना नोंदणी नंबर आहे. ‘आयएनडी एमएच’ दिसलंय, शेवटचे दोन आकडेही. मधले पुट्टीखाली आहेत. मूळ मालकाचा माग लागतोय का बघायला काकांनी उरणजवळच्या करंजाच्या कोळीवाड्यात निरोप धाडलाय.