कडक भाकरी, हवेचं वजन आणि एक तारा : विक्रेता खातं सात-आठ महिने वापरल्यावर

"ताई, चटणी एक नंबर, अगदी घरच्यासारखी. पण डिलिव्हरी चार्ज फार." आणि खाली एक तारा.

चटणीला नाव ठेवलेलं नाही, भाकरी फुटलेली नाही, पार्सल वेळेत गेलं, तरी पाचातला एकच. ते वाचल्यापासून हा अनुभव लिहायचा डोक्यात आहे. मी सोलापुरातून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते, एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर. खरेदीही बरीचशी तिथूनच करते. बाजाराचं नाव मुद्दाम घालत नाही.

खातं कसं उघडायचं, खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी, बँकेची पडताळणी यावर ढिगाने व्हिडिओ आहेत, त्यात शिरत नाही. एकच गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे : माझी जीएसटी नोंदणी नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेत बसणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय अशा बाजारांवर विकता येतं, पण राज्याच्या आतच. म्हणजे माझं गिऱ्हाईक पुणे, पिंपरी, ठाणे, नाशिक. त्यातही बरेच जण मूळचे इकडचेच, नोकरीसाठी तिकडे गेलेले. त्यांना चव माहीत असते, त्यामुळे मालावरून वाद जवळपास होत नाहीत. वाद होतो तो पोचवण्याच्या पैशांवरून.

आता कडक भाकरीचं दुखणं. भाकरी वाळून कडक झाली की पाणी गेलेलं असतं, ती हलकी होते, पण जागा तेवढीच खाते. पंधरा भाकऱ्यांची चळत, खाली-वर पुठ्ठा आणि फाइव्ह-प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका असं सगळं धरून काट्यावर किलो-सव्वा किलो भरतं. खोका मात्र २८ बाय २८ बाय १४ सेंटिमीटर. कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात आणि येईल ते किलोतलं वजन धरतात. काट्यावरचं आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. माझ्या खोक्याचं हे वजन येतं २.१९५ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने दर असल्यामुळे बिल अडीच किलोचं. पहिल्या अर्ध्या किलोला पंचेचाळीस-पन्नास, पुढच्या प्रत्येक टप्प्याला पस्तीसच्या आसपास. म्हणजे राज्यातल्या राज्यात एकशे नव्वदच्या घरात गेलं, वर १८ टक्के जीएसटी. भाकऱ्यांची किंमत आणि पोचवायचा खर्च जवळजवळ सारखाच होतो. गिऱ्हाईक चिडतं ते मला समजतं, मीही चिडले असते.

सुरुवातीला माझं ठाम मत होतं की ही लूट आहे आणि कडक भाकरी ऑनलाइन विकण्यासारखी वस्तूच नाही. ते मत आता बदललंय. टेम्पोत जागा मोजकीच असते, माझा खोका दोन खोक्यांची जागा अडवतो, तर त्याचे पैसे लागणारच. हिशेब कळल्यावर वाटही सापडली. भाकरी गोल आणि खोका चौकोनी, म्हणून चार कोपरे रिकामे राहतात. आधी मी तिथे वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होते. आता प्रत्येक कोपऱ्यात पाव किलो चटणीचं उभं पाकीट बसवते. एक किलो चटणी त्याच खोक्यात जाते, काट्यावरचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास येतं आणि बिल तेच अडीच किलोचं राहतं. तीच चटणी वेगळी पाठवली तर दीड किलोच्या टप्प्यात बसते आणि एकशे वीसच्या जवळपास जास्तीचे लागतात. शिवाय पाकिटं चारी बाजूंनी भाकऱ्यांना धरून ठेवतात, त्यामुळे फुटण्याचं प्रमाण बोळ्यांपेक्षा कितीतरी कमी झालंय. हा माझा या सगळ्या महिन्यांतला सगळ्यात मोठा आनंद आहे. चटणीला तेल सुटतं, म्हणून पाकीट दुहेरी आणि सील रुंद हवं. त्यात काटकसर करू नका, तेलाचा डाग पडलेला खोका पाहून लोक उघडायच्या आधीच तारे कापतात.

वजनाचं आणखी एक भांडण असतं ते तफावतीचं. कुरिअरच्या गोदामात मशीन पुन्हा माप घेतं, खोका जरा फुगलेला असला की १४ चे १६ होतात, बिल एक टप्पा वर जातं आणि पैसे खात्यातून परस्पर वळते होतात. हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात आणि पुरावा मागतात. माझ्या एका खोक्यावर असंच झालं. मापाची टेप लावलेला फोटो होता म्हणून पैसे परत आले, तेही तीन वेळा लिहायला लावून. आता बंद केलेल्या प्रत्येक खोक्याचा टेपसकट आणि काट्यासकट फोटो काढते. चिकटपट्टी आडवी-उभी दोन्ही मारायची, झाकण फुगत नाही.

आता ताऱ्यांकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

डिलिव्हरीचे पैसे मी ठरवत नाही. दर कुरिअरचा आणि टप्पा बाजाराचा. तो आकडा गिऱ्हाइकाला अगदी शेवटच्या पडद्यावर दिसतो, पैसे भरायच्या क्षणी. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की एकूण किंमत आणि तिची फोड दाखवली पाहिजे, डिलिव्हरी, टपाल आणि हाताळणीच्या खर्चासकट. २०२३ मध्ये केंद्राने फसव्या मांडणीच्या ज्या १३ प्रकारांना मनाई केली, त्यात किंमत थेंबाथेंबाने उघड करणं हाही एक आहे. फोड दाखवतात हे खरं. पण चटणी निवडताना एक आकडा आणि पैसे भरताना दुसरा दिसला, तर माणसाला फसल्यासारखं वाटणारच. तो राग काढायला त्याच्याकडे एकच जागा ठेवलेली आहे, माझ्या मालाखालचे पाच तारे. माल, बांधणी, वेळ आणि पोचवण्याचा खर्च या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातल्या दोनच माझ्या हातात आहेत आणि चारही गोष्टींचा निकाल माझ्या नावावर लागतो.

लहान विक्रेत्याला हे किती लागतं ते बघा. दहा जणांपैकी नऊ जणांनी पाच आणि एकाने एक दिला की सरासरी ४.६ होते. ज्याच्याकडे हजार मतं आहेत त्याला एका ताऱ्याने काहीच होत नाही. मी मात्र यादीत खाली जाते, आणि खाली गेलं की दिसणंच बंद.

वेगवेगळे तारे द्यायची पद्धत अशक्य आहे असंही नाही. ईबे या परदेशी ऑनलाइन बाजाराने २००७ मध्येच विक्रेत्याला चार वेगळे निकष लावले होते : वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का, संवाद कसा होता, पाठवायला किती वेळ लागला, आणि पाठवण्याचा व हाताळणीचा खर्च वाजवी होता का. माझे मामा तिथे जुनी नाणी विकायचे, ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे डॉट इन ही त्यांची भारतातली साइट बंद होईपर्यंत. ते सांगतात, खर्चाचा तारा कमी आला की पाकीट बदलायचं आणि वस्तूचा कमी आला की फोटो बदलायचे. काय सुधारायचं ते कळत होतं. मला एक तारा आला की काय सुधारू? चटणीत मीठ कमी करू?

ईबेचं सगळंच न्याय्य होतं असं नाही. २००८ पासून तिथे विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट मत नोंदवायची सोय राहिली नाही. विक्रेते बदला म्हणून खरेदीदारांना वाईट शेरे देत होते, हे त्यामागचं कारण, आणि ते मला पटतं. पण आमच्याकडे कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारात "नको" म्हणणारी माणसं आहेत. पार्सल परत येतं, जाता-येताचं भाडं माझ्या खात्यातून जातं, आणि आठवडाभर टेम्पोत हिंडलेला खाद्यपदार्थ मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. अशा माणसाला जाहीर शेरा नको, पण त्याने मागची किती पार्सलं नाकारली एवढा आकडा तरी विक्रेत्याला दिसावा. तो दिसत नाही, म्हणून मी भाकरीपुरती कॅश ऑन डिलिव्हरी बंद करून टाकली.

"ताई, फ्री डिलिव्हरी लावा ना, तारे आपोआप येतील," असं बाजाराचा प्रतिनिधी फोनवर सांगतो. ईबेवरही पाठवण्याचा खर्च शून्य दाखवला की त्या निकषाचे पाच तारे आपोआप मिळायचे. मी हे करणार नाही. फुकट असं काही नसतं, ते पैसे चटणीच्या किमतीत जातात. मग एक पाकीट घेणारा एकदा भाडं भरतो आणि चार पाकिटं घेणारा चारदा, खोका मात्र एकच जातो. जो माझ्याकडून जास्त घेतो त्यालाच मी जास्त लुबाडायचं, हे मला जमत नाही.

खरेदीदार म्हणूनही हाच प्रश्न पडला. एका विक्रेत्याकडून जुनं मराठी पुस्तक मागवलं, पाव किलोच्या आतलं. टपालखर्च ९० रुपये लावला होता. पाकीट आलं ज्ञान पोस्टने. १ मे २०२५ पासून सुरू झालेली पुस्तकांसाठीची ही सेवा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये घेते, कर वेगळा. पुठ्ठा, प्लॅस्टिक, टपाल कार्यालयापर्यंतची रिक्षा धरली तरी पन्नास-साठ समजू शकते. तारे देण्याआधी त्यांना विचारलं. त्यांनी लिहिलं की सगळ्या पुस्तकांना ते एकच दर लावतात, जाड पुस्तकांत तोटा होतो तो बारीक पुस्तकांत निघतो. उत्तर प्रामाणिक होतं, पण दुसऱ्याच्या जाड पुस्तकाचं भाडं मी का भरायचं, हे मला अजून पटलेलं नाही. चार तारे दिले, आणि मजकुरात स्पष्ट लिहिलं की पुस्तक उत्तम, बांधणी उत्तम, एक तारा फक्त टपालखर्चाचा कापला आहे. इतकं लिहायला मिनिटभर लागतं. सगळ्यांनी लिहावं.

त्या एक ताऱ्याबद्दल बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिलं होतं. नियमाप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्यात उत्तर मिळायला हवं, आणि दोन्ही मिळालं, ही चांगली बाजू. उत्तर असं की मत खरेदीदाराचं आहे, काढता येणार नाही. खरं तर काढा असं मी म्हटलंच नव्हतं. ते डिलिव्हरीच्या नावावर टाका एवढंच मागितलं होतं. त्यावर आजपर्यंत काही नाही. मग मी त्या शेऱ्याखाली उत्तरात सगळा हिशेब मांडला, खोक्याच्या मापांसकट. तारा तसाच आहे. पण नंतर आलेल्या दोघा-तिघांनी तो हिशेब वाचून थेट भाकरी-चटणीचा जोडखोका मागवला.

माझ्याकडून या विक्रेता खात्याला : नोंदणी आणि पैसे जमा होण्याला पाच, तक्रारीच्या वेळेला चार, डिलिव्हरीचा खर्च दाखवण्याच्या पद्धतीला दोन, ताऱ्यांच्या न्यायाला एक. एकच आकडा द्यायचा तर एकूण तीन तारे. चटणी इथेच चालू ठेवतेय. नुसती भाकरी यादीतून काढली आहे, ती फक्त चटणीच्या जोडखोक्यात मिळेल, आणि पोचवायचा खर्च वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहिलाय. दिवाळीत कुरिअरचे टप्पे बदलले तर ती ओळ त्याच दिवशी बदलीन.