केइओ संग्रहातले पाच नॉकआउट : सात महिने आणि एक जळगावचा उन्हाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी डिसेंबरपासून ई. कोलाय या जीवाणूचे पाच नॉकआउट स्ट्रेन (एकेक जनुक काढून टाकलेले वाण) वापरतोय, नावं काढलेल्या जनुकांचीच : एस-ए, कॅट-ई, कॅट-जी, आरपीओ-एस आणि डीएनए-के. पाचही जपानच्या केइओ विद्यापीठातल्या संग्रहातले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात 3985 जनुकं एकेक करून काढलेली आहेत आणि त्या जागी कनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक बसवलंय. 303 जनुकं काढताच आली नाहीत. बहुधा त्यांच्याशिवाय जंतू जगतच नाही.

सगळ्यात आधी आवडला तो एस-ए. ग्लुकोजवर मूळ स्ट्रेनसारखाच फोफावतो. तोच ॲसिटेटवर टाका, प्लेट कोरी. ॲसिटेटमधले दोन कार्बन क्रेब्ज चक्रात कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात, ते वाचवणारी ग्लायऑक्झिलेटची आडवाट या जनुकाविना बंद पडते. पुस्तकात पाठ केलेली आकृती पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली.

कॅट-ईने मात्र चकवलं. कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजनचे बुडबुडे काढणारं एन्झाइम) काढलंय म्हणून पेरॉक्साइडचा थेंब टाकला, तर बुडबुडे आलेच! कारण दुसऱ्या कॅटलेजचं जनुक, कॅट-जी, शाबूत होतं. विहिरीवर दोन मोटरी असल्या की एक जळाली तरी पाटाला पाणी येतंच. त्यामुळे ‘फरक दिसला नाही’ याचा अर्थ ‘जनुक बिनकामाचं’ असा लावू नका. आरपीओ-एस काढलेल्या स्ट्रेनला बुडबुडे कमी येतात, पण वाढ थांबलेल्या जुन्या कल्चरमध्ये बघा. उपासमारीत कॅट-ई चालू करणारा तोच.

एक चूक माझी. अरॅबिनोज या साखरेवर पाचही वाढेनात म्हणून मीडिया दोनदा नव्याने बनवला. मग सर म्हणाले, ‘अरे, मूळ स्ट्रेन लावलास का?’ लावला, तोही वाढेना. बीडब्ल्यू 25113 या मूळ स्ट्रेनमध्ये अरॅबिनोज पचवणारी जनुकं आधीपासूनच काढलेली आहेत. आठवडा गेला. स्ट्रेनची वंशावळ वाचल्याशिवाय हात लावू नये.

खरी मजा मे महिन्यात आली. आमच्या इनक्युबेटरला नुसता हीटर आहे, गार करायची सोय नाही. बाहेर 44, खोलीतला पंखा गरम हवाच ढवळतोय. 37 वर लावलेलं यंत्र दुपारी 42 दाखवायचं. संध्याकाळी चार स्ट्रेनच्या प्लेटा भरलेल्या, डीएनए-केची रिकामी. लॅबमधले काका डोकावून म्हणाले, ‘तुना जंतू मरी ग्यात का रे भो?’ मी स्टॉकला दोष दिला, कनामायसिनला दिला. शेवटी शेजारच्या विभागातल्या थंड होणाऱ्या इनक्युबेटरमध्ये 30 वर ठेवला, तर हळूहळू का होईना, वाढला. डीएनए-के हे उष्णतेने विस्कटलेली प्रथिनं सावरणारं प्रथिन. ते नसलं की 42 ला जंतू टिकत नाही. म्हणजे प्रयोग उन्हाळ्यानेच केला होता, मी फक्त वही उघडी ठेवली नव्हती. तेव्हापासून इनक्युबेटरमध्ये पाऱ्याचा थर्मामीटर ठेवतो आणि सकाळ-दुपार आकडा लिहितो.

तक्रार एकच. पाचही स्ट्रेनमध्ये कनामायसिनला दाद न देणारं तेच जनुक, त्यामुळे दोन जनुकं एकत्र काढायची तर आधी एकातलं ते काढावं लागतं. बाकी संग्रहाला माझे पाचपैकी साडेचार गुण.

कॅट-ई आणि कॅट-जी दोन्ही नसलेला स्ट्रेन आता करायचाय. कनामायसिनचं जनुक काढणारं पीसीपी 20 प्लाझ्मिड (जंतूत सोडायचं डीएनएचं छोटं वेटोळं) 30 अंशांवर टिकतं आणि 42-43 ला निघून जातं. 42 ची सोय आमच्याकडे फुकट आहे. 30 साठी शेजारच्या विभागात नंबर लावलाय, माझ्यापुढे तिघं आहेत.