मेडिकल कोडिंग शिकायचंय: सीपीसी, सीसीएस, सीआरसी की जवळच्या हॉस्पिटलातलं काम?

बीएस्सी, बीफार्म, फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा बीएचएमएस झालेली मुलं कोडिंगबद्दल विचारतात तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात सीपीसी हे एकच नाव असतं, कारण क्लासवाल्यांच्या जाहिरातीत तेच असतं. खरं तर वाटा चार आहेत: सीपीसी, सीसीएस, सीआरसी ही तीन अमेरिकन सर्टिफिकेटं आणि जवळच्या हॉस्पिटलातलं काम. पैसे भरण्याआधी त्या शेजारी शेजारी ठेवून बघायला हव्यात.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतलं कोडिंग जवळजवळ सगळं अमेरिकेचं असतं. तिथल्या डॉक्टरने रुग्ण तपासून नोट लिहिली, की त्या चार्टवरून आजाराचे आणि उपचारांचे कोड लावायचे, मग क्लेम विमा कंपनीकडे जातो. आजाराचे कोड सगळ्यांना सारखेच, आयसीडी-१०-सीएमचे. अमेरिकेत ते १ ऑक्टोबर २०१५ला लागू झाले. आधीच्या आयसीडी-९-सीएममध्ये सुमारे १४ हजार कोड होते, इथे ७० हजारांहून जास्त आहेत. वाटा वेगळ्या होतात त्या उपचारांच्या कोडपाशी.

एकच ऑपरेशन घेऊन बघू. रुग्ण हॉस्पिटलात दाखल झाला, अपेंडिक्सला तीव्र सूज, दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. बाकी काही तपशील नसेल तर आजाराचा कोड के३५.८०. सर्जनच्या बिलात ऑपरेशनचा कोड ४४९७०, कारण डॉक्टरांचं बिल सीपीटी या उपचारांच्या कोडसंचावर चालतं. हॉस्पिटलच्या बिलात मात्र तेच ऑपरेशन ०डीटीजे४झेडझेड असं लिहिलं जातं. हे आयसीडी-१०-पीसीएस, म्हणजे दाखल रुग्णांच्या हॉस्पिटल बिलासाठीचा उपचारांचा कोडसंच. यात सात जागा असतात आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र अर्थ असतो: विभाग, शरीरसंस्था, काय केलं, कोणता अवयव, कुठल्या मार्गाने, आत काही बसवलं का, आणि शेवटी एखादा जादा तपशील. 'टी' म्हणजे अवयव अख्खा काढला. थोडाच भाग काढला असता तर तिथे 'बी' आलं असतं. सर्जन नोटमध्ये कोणता शब्द वापरतो याने हे ठरत नाही. त्याने प्रत्यक्ष काय केलं ते वाचून कोडरने ठरवायचं.

सीपीसीत तुम्ही सीपीटी शिकता, सीसीएसमध्ये त्याच्या जोडीला पीसीएसही येतं.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे, आणि नव्या कोडरच्या ज्या चुका ऑडिटला माझ्यासमोर येतात त्यांत तो सारखा भेटतो. रुग्ण खोकला आणि ताप घेऊन ओपीडीत आला. डॉक्टरांनी लिहिलं, 'न्यूमोनिया असावा'. ओपीडीच्या नियमाप्रमाणे न्यूमोनियाचा कोड लावता येत नाही. खोकल्याचा आर०५.९ आणि तापाचा आर५०.९ लावून थांबायचं. आता हाच रुग्ण दाखल झाला, उपचार झाले आणि डिस्चार्जच्या वेळीही डॉक्टरांनी 'न्यूमोनिया असावा' असंच लिहिलं, तर हॉस्पिटलच्या बिलात तो पक्का धरून जे१८.९ लावायचा. एचआयव्ही, कोविड अशा काही आजारांना ही सवलत दाखल रुग्णातही मिळत नाही, तिथे निदान पक्कंच लागतं. ओपीडीची सवय लागलेला कोडर आयपीडीत, म्हणजे दाखल रुग्णांच्या कामात गेला की इथे अडखळतो, आणि उलटंही होतं. म्हणून पहिली निवड विचार करून करा, ती बरीच वर्षं सोबत राहते.

सीपीसी

हे एएपीसी या अमेरिकन संस्थेचं सर्टिफिकेट. १०० बहुपर्यायी प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं सोबत नेता येतात, त्यामुळे पाठांतरापेक्षा पुस्तक झरझर चाळता येणं कामाला येतं. एका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. मोठा भाग सीपीटीचा: सर्जरी, भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, शिवाय डॉक्टरांच्या भेटीची लेव्हल ठरवणं. ओपीडी भेटीची लेव्हल २०२१पासून डॉक्टरांच्या निर्णयाच्या गुंतागुंतीवर किंवा दिलेल्या एकूण वेळेवर ठरते. इंटरनेटवरच्या जुन्या नोट्स वाचून अभ्यास करणारे इथे हमखास फसतात. नुसतं निदानाचं कोडिंग शिकायचं म्हणून सीपीसी घेणार असाल तर अपेक्षा वेगळी ठेवा, त्यात निदानाचा वाटा त्या मानाने लहान आहे. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए (ॲप्रेंटिस) लागतं, पुढे अनुभव दाखवला की 'ए' जातं. फ्रेशरसाठी सर्वात जास्त दारं याच सर्टिफिकेटने उघडतात, यात शंका नाही.

सीसीएस

हे एएचआयएमएचं. ही संस्था १९२८पासूनची, वैद्यकीय नोंदी सांभाळणाऱ्यांची. परीक्षेत प्रश्नांसोबत केसेसही कोड कराव्या लागतात. अवघडपणा पुस्तकात नाही, चार्टमध्ये आहे. आयपीडी चार्ट लांबलचक असतो: दाखल होतानाची नोंद, रोजच्या नोट्स, लॅब, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज समरी. त्यातून मुख्य निदान कोणतं ते ठरवायचं, आणि त्यावर हॉस्पिटलचा अख्खा डीआरजी, म्हणजे मुक्कामाची ठोक रक्कम अवलंबून. प्रत्येक आजार दाखल होतानाच होता की नंतर झाला हेही नोंदवायचं. सोडियम का घसरलं, क्रिएटिनिन का चढलं हे कळल्याशिवाय इथे निभाव लागत नाही. नर्सिंग, बीएचएमएस, बीएएमएस केलेल्यांनी, विशेषतः वॉर्डात काम केलेल्यांनी, या वाटेकडे गांभीर्याने बघावं असं माझं ठाम मत आहे. क्लासवाले सगळ्यांनाच सीपीसीत बसवतात, आणि वॉर्डात कमावलेलं ज्ञान वाया जातं. बीएस्सीच्या फ्रेशरने मात्र थेट सीसीएसची घाई करू नये.

सीआरसी

हेही एएपीसीचंच, आणि निदानाच्या कोडिंगवर खऱ्या अर्थाने उभं असलेलं. अमेरिकेत मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांना (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, खासगी कंपन्यांनी चालवलेल्या योजना) रुग्ण किती आजारी आहे त्या हिशोबाने पैसे मिळतात. तो आजारीपणा निदानाच्या कोडवरून मोजला जातो, आणि दर वर्षी नव्याने नोंदलेला असावा लागतो. उदाहरणार्थ, चार्टमध्ये टाइप २ मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार, स्टेज ३ए. नवखा कोडर ई११.९, म्हणजे गुंतागुंत नसलेला मधुमेह, लावून मोकळा होतो. गाईडलाइन सांगते, की डॉक्टरांनी नाकारलं नसेल तर मधुमेह आणि मूत्रपिंडाचा संबंध आहे असंच धरायचं, रक्तदाबाचंही तसंच. म्हणजे ई११.२२, आय१२.९ आणि एन१८.३१. हे असं वाचायला आवडलं तर या कामात मन रमेल.

पण वाट अरुंद आहे. सीपीटी जवळजवळ येत नाही, काम हंगामी चढ-उताराचं असतं, आणि हिशोबाचं मॉडेल सरकार बदलतं. २०२४पासून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या मॉडेलमध्ये वरच्या ई११.९ आणि ई११.२२ या मधुमेहाच्या दोन कोडचं वजन सारखंच झालं, आधी ते वेगवेगळं होतं. शिवाय नसलेला आजार कोड झाला तर तो खोटा क्लेम ठरतो. डॉक्टरांच्या नोटमध्ये आधार नाही, तर कोडही नाही, हा कणा इथे ताठ लागतो. पहिलं सर्टिफिकेट म्हणून मी सीआरसी सुचवणार नाही, दुसरं म्हणून जरूर घ्या.

जवळच्या हॉस्पिटलातलं काम

कोल्हापूर, नाशिक, नागपूर सोडायचं नसेल, रात्रीची शिफ्ट नको असेल, तर मोठ्या हॉस्पिटलचा मेडिकल रेकॉर्ड विभाग किंवा टीपीए डेस्क (विम्याचे क्लेम हाताळणारा) हा पर्याय आहे. विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. पण आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेत पैसे पॅकेजवर मिळतात, त्यामुळे कोड किती बारकाईने लावला यावर रक्कम सहसा हलत नाही. साहजिकच इथे कोडरच्या कौशल्याला अजून तेवढा भाव नाही. रुग्ण आणि नातेवाईक समोर असतात, मंजुरीसाठी फोनवर फोन करावे लागतात. अमेरिकन सर्टिफिकेटचा खर्च या कामासाठी करू नका.

क्लास लावावा का

आयसीडी-१०-सीएमचे कोड आणि अधिकृत गाईडलाइन अमेरिकन सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात, पीसीएसही. सीपीटीचा हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहे, ते पुस्तक विकत घ्यावंच लागतं. म्हणून आधी गाईडलाइन घेऊन बसा आणि महिनाभर निदानाचे कोड लावून बघा. मनगटाचं हाड मोडलेला माणूस पहिल्यांदा आला तर शेवटचं अक्षर 'ए', प्लास्टर नीट चाललंय का हे दाखवायला आला तर 'डी', असले नियम वाचताना कंटाळा येत असेल तर हे काम तुमचं नाही, कारण टार्गेट आणि ९५ टक्के अचूकता सांभाळून दिवसभर हेच करायचंय. गोडी लागली तर क्लास सीपीटीपुरता लावा. शिकवणारी व्यक्ती सध्या प्रत्यक्ष चार्ट कोड करते का ते आधी विचारा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्याकडून किती महिन्यांत, कोणत्या कामाला, हे लेखी घ्या, कारण कोडिंगच्या नावाखाली एआर कॉलिंगला बसवलेली मुलं मी बघितली आहेत. ते काम वाईट नाही, पण ते फोनवर क्लेमचा पाठपुरावा करण्याचं काम आहे.

सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं आणि आयसीडीचा मुख्य बदल १ ऑक्टोबरला येतो. दिवाळीत पुस्तकं घेऊन उन्हाळ्यात परीक्षा द्यायचा बेत असेल तर पुस्तकांवर दोनदा खर्च होईल. नव्या वर्षाचा संच बाजारात आला की तो घ्या, आणि त्याच वर्षात परीक्षा उरका.