आजोबांच्या गावाच्या वाटेवरची खानावळ

आजोबांनी कणकुंबीकडचं गाव सोडलं ते कायमचं. मी डोंबिवलीत वाढलेली, परवा पहिल्यांदाच तिकडे गेले. बेळगावात बसची पाटी कन्नडमध्ये, म्हणून कंडक्टरला विचारूनच चढले. जांबोटीला उतरून एका घरगुती खानावळीत जेवले. हा रिव्ह्यू तिचा.

उकडा भात, नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी. आमटीचा पहिला घास घेतला आणि आजीच आठवली. तेच भाजलेलं खोबरं, तोच शेवटी जिभेवर येणारा आमसुलाचा आंबटपणा. आम्ही इतकी वर्षं हिला शेजाऱ्यांकडे 'मालवणी' म्हणून खपवत होतो! भात मात्र गार होता आणि ताक पाणचट. मोबाईलला रेंज नव्हती, तेव्हा रोख पैसे जवळ ठेवा.

वाढणाऱ्या मावशींनी आडनाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हंजे देवळाजवळचं घर की वो तुमचं! पडलंय आता. जोतं हाय तेवढं." आणि न मागता आणखी एक भाकरी वाढली. तिचे पैसेही लावले नाहीत.

पुढे कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे, तो बघाच. पण आधी जेवा. मी निघाले तेव्हा दोन वाजले होते आणि भाकरी संपली होती.