मुंबई विद्यापीठाचे फोर्ट संकुल: दगड लगेच दिसतात, माणसे शोधावी लागतात

काय पाहायचे: राजाबाई टॉवर, त्याखालचे ग्रंथालय, कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह
लागणारा वेळ: बाहेरून ४५ मिनिटे, आतली परवानगी असेल तर दोन तास
गुण: वास्तू पाचपैकी पाच, माणसांचा इतिहास पाचपैकी अडीच

बहुतेक लोक ओव्हल मैदानातून टॉवरचा फोटो काढतात आणि विद्यापीठ पाहिले म्हणून निघून जातात. फोटोपुरते ते ठीकच आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला असल्याने सकाळी सूर्य टॉवरच्या मागे असतो आणि फोटो काळवंडतो. दुपारी तीननंतर जा, तेव्हा कुर्ल्याचा पिवळसर दगड उजळून निघतो. चर्चगेटहून चालत दहा मिनिटे. मैदानाकडे तोंड केलेल्या ओळीत उच्च न्यायालयही आहे आणि नवखे लोक हमखास त्यालाच विद्यापीठ समजतात. २८० फुटी घड्याळाचा मनोरा ज्याला आहे, ते विद्यापीठ.

हे शेजारी न्यायालय नीट लक्षात ठेवा, कारण विद्यापीठाच्या नेतृत्वाची निम्मी कहाणी तिथे आहे. १८५७ च्या कायद्याने विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिले कुलगुरू झाले सर विल्यम यार्डली, मुंबईचे मुख्य न्यायाधीश. कुलगुरुपद तेव्हा मानद होते. पगार नाही, पूर्ण वेळ नाही. आपला व्यवसाय सांभाळून सिनेट, म्हणजे विद्यापीठाची निर्णय घेणारी सभा, चालवायची. असे काम शहरात मुख्यतः दोन वर्गांना परवडे: सरकारी अधिकारी आणि कायदेपंडित. पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग (१८९२) उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. नारायण गणेश चंदावरकर तेच. पुढे पां. वा. काणे (१९४७–४९) वकिली करणारे धर्मशास्त्राचे अभ्यासक, आणि प्र. बा. गजेंद्रगडकर तर भारताचे सरन्यायाधीश होऊन निवृत्त झालेले. न्यायालय आणि विद्यापीठ एकाच रांगेत का, याचे उत्तर नगररचनेत आहे हे खरे. पण ही यादी वाचली की त्या शेजाराला वेगळाच अर्थ येतो. टूर-गाइड हा धागा सहसा सोडून देतात आणि थेट स्थापत्यावर येतात.

स्थापत्यही थोडके नाही. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी तो लंडनमध्ये बसून काढला, मुंबईत ते कधी आलेच नाहीत. सभागृह १८७४ मध्ये पुरे झाले, टॉवर १८७८ मध्ये. टॉवरवर पश्चिम भारतातल्या जातिजमातींच्या २४ मूर्ती आहेत. खालून उघड्या डोळ्यांनी पागोट्यांचे प्रकारही नीट ओळखू येत नाहीत, तेव्हा ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण जवळ ठेवा. सभागृहातल्या चक्राकार खिडकीच्या रंगीत काचेत बारा राशी आहेत. टॉवरवर चढायला मिळत नाही. कोणी चढवून आणतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

सभागृहाला नाव कावसजी जहांगीर ‘रेडीमनी’ यांचे, एक लाख रुपयांच्या देणगीसाठी. ग्रंथालय आणि टॉवरसाठी प्रत्येकी दोन लाख दिले प्रेमचंद रायचंद यांनी. टॉवरला नाव त्यांच्या आईचे. हा पैसा अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाने मुंबईत ओतलेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसकट अर्धा बाजार बुडाला. देणगी आधीच दिलेली होती म्हणून टॉवर उभा राहिला. राजाबाईंना दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी जेवायचे जैन व्रत पाळण्यासाठी त्यांना टोल्यांचा उपयोग होई, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. आख्यायिका म्हणून ऐका आणि पुढे चला.

खरी गफलत होते ती कालक्रमात. ‘रानडे-भांडारकर इथेच शिकले’ असे वाक्य फेरीत कानावर पडतेच. पहिले बी.ए. १८६२ चे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. तेव्हा या जागेवर पायाही खणलेला नव्हता. विद्यापीठाचा कारभार टाउन हॉलमधून चाले. शिवाय इथे कोणी शिकतच नसे. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवायचे काम एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन अशा महाविद्यालयांचे. हे एकदा ध्यानात आले की इमारतीत वर्गखोल्या का नाहीत हा प्रश्न पडत नाही. ग्रंथालय आणि समारंभाचे दालन एवढीच तिची गरज होती.

मग या संस्थेला घडवले कोणी? निर्णय सिनेटमध्ये होत, आणि तिथली भांडणे दगडात कोरलेली नाहीत. पहिल्या फेलोंत, म्हणजे सिनेटच्या सदस्यांत, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी होते. शंकरशेटांचे नाव मराठी घरांत पोहोचले ते मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याच्या शिष्यवृत्तीमुळे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. १८६० च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढून टाकल्या गेल्या. त्या परत आणण्यासाठी रानड्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे चिकाटीने बाजू लावून धरली. एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला तो १९०१ च्या सुमारास, रानडे गेले त्याच काळात. स्त्रियांना परीक्षांचे दार १८८३ मध्ये उघडले. पुढच्या पाच वर्षांत डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या, आणि विद्यापीठाला पहिली स्त्री कुलगुरू, मेहरू बंगाली, मिळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

सर्वांत मोठा बदल कुलगुरू चिमणलाल सेटलवाड यांच्या कारकिर्दीतला. १९१७ ते १९२९, सलग बारा वर्षे. आजच्या पाच वर्षांच्या मुदतीशी ताडून पाहा. याच काळात परीक्षा घेणारे विद्यापीठ स्वतः शिकवू लागले. १९१९ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला. १९२४ पासून तो गो. स. घुर्ये यांच्याकडे गेला आणि त्यांच्या हाताखालून इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखी माणसे तयार झाली. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग आला, लोक ज्याला यूडीसीटी म्हणत. आज ती माटुंग्याची स्वतंत्र संस्था आहे. फोर्टमध्ये फिरताना गेडिस-घुर्ये आठवतील असे दर्शनी काहीच नाही. अडीच गुण कापले ते यासाठी.

आत जायचे असेल तर पुढील गोष्टी जपा. दर्शनी भाग ओव्हलकडे असला तरी टपालाचा पत्ता महात्मा गांधी मार्गाचा आहे. हे चालू कार्यालय आहे, संग्रहालय नव्हे. म्हणून कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत, ओळखपत्र घेऊनच जा. वाचनकक्ष पाहायचा असेल तर ग्रंथालयाकडे आधी लेखी विनंती करा आणि त्यात फोटोंचा उल्लेख वेगळा करा, नाहीतर ऐनवेळी कॅमेरा पिशवीत ठेवावा लागेल. दीक्षान्त समारंभाच्या आणि परीक्षा-निकालांच्या गर्दीत जाऊ नका. वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या यांच्या देखरेखीखाली झालेले टॉवर-ग्रंथालयाचे जतनकाम २०१५ मध्ये संपले, त्यामुळे रंगीत काचा सध्या पाहण्याजोग्या स्थितीत आहेत. दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या खिडक्या पेटल्यासारख्या दिसतात. पावसाळ्यात मात्र ढगांनी तो रंग मरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरे.

प्रशासन फसते ते कुठे, हेही या परिसराच्या नोंदीत असायला हवे. २०१७ मध्ये पुरेशी चाचणी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण न होता सर्व उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, तपासायला घेतल्या गेल्या, निकाल महिनोनमहिने रखडले आणि राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. याउलट स्नेहलता देशमुख यांच्या कारकिर्दीतला (१९९५–२०००) निर्णय पाहा: पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव. कागदावर एक ओळ वाढली, पण ती प्रत्येक पदवीधराच्या घरात पोहोचली. आईच्या नावाचा टॉवर असलेल्या विद्यापीठाला हे सुचायला सव्वाशे वर्षे लागली, असे कोणी चिडवले तर उत्तर नाही.

फोर्ट पाहून मन भरले नाही तर कालिना गाठा: चर्चगेटहून सांताक्रूझ किंवा सीएसएमटीहून कुर्ला, पुढे बस किंवा रिक्षा. वास्तू म्हणून तिथे पाहण्यासारखे फारसे नाही, पण इमारतींची नावे फुले, आंबेडकर, टिळक, रानडे अशी आहेत. मराठी विभागाचा पत्ता वर्षानुवर्षे रानडे भवन असाच राहिला. एकच दिवस असेल तर सकाळी कालिना करा आणि तीनपर्यंत ओव्हलवर या, म्हणजे ऊन साधेल.